वृद्ध आईबापांचें घर आणि पांचवी आज्ञा

आईबापांस मान द्यावा, ही पांचवी आज्ञा आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसहि तोंडपाठ असते. तिच्याविषयीं कोणाचा वाद नाहीं. वाद उत्पन्न होतो तो ती पाळावयाची कशी, ह्याविषयीं. आमच्या खेड्यांतील पुष्कळ तरुण आज पुणें, नाशिक, मुंबई येथें नोकरीस आहेत. गांवीं राहिलेल्या आईबापांचे गुडघे धरूं लागले, कीं मुलगा त्यांस शहरीं नेण्याचें मनांत आणतो व भाड्याची जागा पाहूं लागतो. २०११ च्या जनगणनेंत ६० वर्षें व त्यावरील वयाचीं माणसें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक आढळलीं. तेव्हां हा प्रश्न एका घरचा नव्हे. कोणती जागा घेतली असतां आईबापांचा मान राहतो, ह्याचा आपण वचनाच्या प्रकाशांत विचार करूं.

कित्येक म्हणतात, "पोटच्या मुलाच्या घरीं दोन घास मिळतात, डोक्यावर छप्पर आहे, आणखी काय पाहिजे?" हें बोलणें वरवर योग्य दिसतें. परंतु समजा, तें छप्पर लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. पन्नास-साठ पायऱ्या तरुणास कांहींच नाहींत. सत्तर वर्षांच्या बाईस तो डोंगर आहे. पहिल्या दिवशीं ती मुलाच्या आधारानें वर जाते, आणि मग दवाखान्यापुरतीच खालीं उतरते. रविवारची उपासना सुटते, भाजी घेणें सुटतें, ओट्यावर बसून शेजारणीशीं बोलणें सुटतें. दारास बाहेरून कडी नाहीं, तरी ती कोंडलेलीच आहे. जिनें उभा जन्म शेतांत काढला, तिनें खिडकींतून रस्ता पाहत बसावें, ह्यास मान म्हणावें काय?

घराची बांधणी ही गवंड्याची गोष्ट, धर्माचा तिच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. पवित्र शास्त्र तसें मानीत नाहीं. अनुवाद २२:८ ह्यांत नवें घर बांधणाऱ्यानें गच्चीस कठडा करावा अशी आज्ञा आहे; कोणी तेथून पडला तर रक्ताचा दोष त्या घरावर येतो. लेवीय १९:१४ ह्यांत आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवण्याची मनाई आहे. ह्यावरून कठडा, पायरी व उंबरठा ह्या गोष्टी देवाच्या दृष्टीनें क्षुल्लक नाहींत, हें उघड आहे.

म्हणून अनामत रक्कम देण्यापूर्वीं जागा आपल्या नव्हे, तर आईबापांच्या पायांनीं पाहावी. ती तळमजल्यावर आहे काय, अथवा तेथें चालू लिफ्ट आहे काय? लिफ्टपर्यंत पोहोंचण्यासच चार पायऱ्या चढाव्या लागत नाहींत ना? उतार केला असल्यास एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबी असावी. फार खडा उतार धोक्याचा असतो. दार सुमारें तीन फूट रुंद असल्यास चाकांची खुर्ची सहज आंत जाते. संडासांत कमोड आहे, कीं उकिडवें बसावें लागतें? न्हाणीघराची फरशी निसरडी आहे काय? तेथें भिंतीस धरावयाचा दांडा बसवावयाचा असल्यास मालकाची संमति करारांतच लिहून घ्यावी. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. आईबापांच्या निर्वाहाविषयींच्या २००७ च्या कायद्यानेंहि अन्न, वस्त्र व औषधोपचार ह्यांच्या जोडीस निवासाची गणना केली आहे.

अशा जागेचें भाडें पुष्कळदां अधिक पडतें, हें खरें. थोड्या पगाराच्या मुलानें कर्जांत बुडावें असें माझें म्हणणें नाहीं. तो शहराच्या कडेस तळमजल्याची लहानशी खोली पाहूं शकतो; मग कामावर जाण्यास त्यास रोज तासभर अधिक लागेल. खरा प्रश्न येथेंच आहे, कीं ओझें कोणीं वाहावें? लांबचें अंतर तरुणाच्या वांट्यास यावें. पायऱ्या वृद्धांच्या वांट्यास येऊं नयेत. कोणी आपल्या घराजवळ त्यांस वेगळी सोयीची खोली घेऊन देतो. रोजचें जाणेंयेणें असल्यास त्यांत दोष नाहीं. परंतु केवळ भाड्याचे पैसे पाठवून मोकळा होणाऱ्यानें मार्काच्या सातव्या अध्यायांतील कर्बानाविषयींचें प्रभूचें बोलणें वाचावें.

आणखी एक गोष्ट. आईबापांस विचारल्यावांचून त्यांचें घर ठरवूं नये. बर्जिल्लय गिलादी ऐंशी वर्षांचा असतां दाविद राजानें त्यास यरुशलेमेंत आपल्याजवळ ठेवून पोसण्याचें बोलून दाखविलें. त्या म्हाताऱ्यानें आपल्याच गांवीं, आईबापांच्या कबरेजवळ मरण यावें, असें मागितलें. आणि राजानें आग्रह न धरितां त्यास आशीर्वाद देऊन निरोप दिला (२ शमुवेल १९). तुमचीं आईबापेंहि असेंच म्हणतील, तर शहरांतील भाड्याचा पैसा गांवच्या घराचा उंबरठा उतरविण्यास व अंगणापासून संडासापर्यंत दांडा बसविण्यास लावावा.

आमच्या मंडळ्यांत घरमालकहि आहेत. म्हातारीं भाडेकरू आलीं तर आजारपण येईल, घरांत मरण होईल, म्हणून कित्येक त्यांस जागा नाकारितात. जो पुनरुत्थानावर विश्वास ठेवितो, त्यानें घरांतील मरणास अशुभ मानणें शोभत नाहीं. कफर्णहूमांत दारांतून वाट मिळेना, तेव्हां पक्षघाती माणसास आंत सोडण्यासाठीं चौघांनीं घराचें छप्पर उकललें. आमच्या मालकांकडे छप्पर कोणी मागत नाहीं; दांड्यासाठीं भिंतीस चार भोकें पाडूं द्यावीं, एवढेंच मागणें आहे.

उपदेशक बंधूंनो, आईबापांस शहरीं नेणारा मुलगा तुमचा निरोप घेण्यास येईल, तेव्हां त्याच्यासाठीं प्रार्थना कराच. परंतु घर कितव्या मजल्यावर आहे, हेंहि विचारा. आमच्या प्रभूनें वधस्तंभावरील यातनांतहि आपल्या आईच्या निवाऱ्याची सोय केली, आणि ज्या शिष्यावर ती सोंपविली त्यानें तिला आपल्या घरीं नेलें. आमच्या आईबापांस स्वतःच्या पायांनीं आंतबाहेर करितां येईल असें दार देण्याची बुद्धि तोच प्रभु आम्हां सर्वांस देवो.