शंकासमाधान : नम्रतेची परीक्षा

उपवासकाळात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं नम्रतेविषयी आहेत. त्यांतल्या चार शंका या वेळी घेतल्या आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

शंका : मी चर्चच्या गायनवृंदात पेटी वाजवतो. मिस्सा संपल्यावर लोक कौतुक करतात तेव्हा मी “छे, मला कुठं काय येतं!” म्हणतो, पण मनातून गुदगुल्या होतात. हे ढोंग झालं का? पापनिवेदनात सांगावं का? (एक वाचक, रत्नागिरी)

समाधान : कौतुकानं बरं वाटण्यात पाप नाही. खटकतं ते तुमचं उत्तर, कारण ते खरं नाही. तुम्हाला पेटी येते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये होऊन गेलेल्या आविलाच्या संत तेरेसा यांचं सांगणं असं, की देव सत्य आहे, म्हणून सत्याला धरून चालणं हीच नम्रता. स्वतःला आहोत त्याहून मोठं म्हणणं जसं खोटं, तसंच उगाच लहान म्हणणंही खोटं.

लूकच्या शुभवर्तमानातला परूशी मंदिरात आपल्या उपवासांचा आणि दशांशाचा हिशेब मांडतो. त्याचा हिशेब चुकीचा होता असं येशू कुठं म्हणत नाही. शेजारच्या जकातदाराला खाली ढकलल्याशिवाय त्याला प्रार्थनाच करता येईना, तिथं तो चुकला. तेव्हा तुमची परीक्षा कौतुकाच्या क्षणी नाही. उद्या एखादा नवा मुलगा तुमच्याहून चांगली पेटी वाजवू लागला, तर त्याला जागा करून द्याल का, तिथं ती आहे. तोवर “आभारी आहे” म्हणा, गाणाऱ्यांचीही नावं घ्या आणि सरावाला वेळेवर जा. सुखावल्याचं पापनिवेदनात सांगायला नको. दुसऱ्याच्या कौतुकानं पोटात दुखलं असेल, तर ते मात्र सांगा.

शंका : नवरा पिऊन येतो, हात उचलतो. माहेरी जाते म्हटलं की मंडळीतली मोठी माणसं सांगतात, “बाई, ख्रिस्तानं क्रूस वाहिला, तू एवढं सोस. नम्र राहा.” मी नम्रतेत कमी पडते का? (एक भगिनी, चिपळूण तालुका)

समाधान : नाही, ताई. मार खात राहण्याला शास्त्रानं कुठंही नम्रता म्हटलेलं नाही.

प्रमुख याजकापुढं चौकशी चालू असताना एका शिपायानं येशूच्या तोंडात मारली. येशूनं उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझं बोलणं चुकलं असेल तर तसं दाखव, चुकलं नसेल तर मारतोस का, असा जाब त्यानं विचारला. योहानाच्या अठराव्या अध्यायात हे आहे. फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं. पौल हलायला तयार होईना. आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावं, असा आग्रह त्यानं धरला. ख्रिस्तानं दासाचं रूप घेतलं, स्वतःला नमवलं, हा नम्रतेवरचा सर्वांत थोर उतारा पौलानं पुढं लिहिला तो याच शहरातल्या मंडळीला. नम्रता शिकवणाऱ्या माणसाला आपला हक्क मागताना कसलाच संकोच वाटला नाही.

ख्रिस्तानं क्रूस स्वतःहून उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर क्रूस लादून त्याला नम्रतेचं नाव देण्याचा अधिकार कुणालाही नाही. तुम्ही सोसत राहिल्यानं नवऱ्याचंही भलं होत नाही, त्याचं पाप फक्त झाकलं जातं. जिथं सुरक्षित वाटेल तिथं जा. महिलांसाठी 181 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक जवळ ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही तो देतो. राहता राहिली मंडळीतली मोठी माणसं. त्यांनी नम्रतेचा पाठ द्यायचाच असेल तर तुमच्या नवऱ्याला द्यावा.

शंका : मी मासेमारी बोटीवर खलाशी आहे. पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी निवडलेल्या बारा जणांत माझं नाव होतं. फादर वयानं मोठे, शिकलेले. त्यांनी माझ्या भेगाळलेल्या पायांना हात लावावा हे मनाला पटेना. ऐनवेळी मी गेलोच नाही. हा नम्रपणाच ना? (एक वाचक, रत्नागिरी)

समाधान : संकोच समजण्यासारखा आहे. आपल्याकडे धाकट्यानं थोरल्याच्या पायांना हात लावायचा असतो, इथं सगळं उलटं. पण येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्रही हेच म्हणाला होता आणि तोही मासे धरणाराच होता! येशूनं त्याचं ऐकलं नाही. पाय धुऊ दिले नाहीस तर तुझा माझ्याशी काही वाटा नाही, इतकं स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्याची सेवा करताना आपण देणारे असतो, हात वर असतो. सेवा घेताना आपली गरज कबूल करावी लागते, आणि ते अधिक अवघड. दिवंगत पोप फ्रान्सिस 2013 साली पवित्र गुरुवारी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांकडे गेले आणि तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुसलमानही होते. 2016 साली त्यांनी या विधीत स्त्रियांनाही अधिकृतपणे जागा दिली. पायांची योग्यता तपासून हा विधी होत नसतो. पुढच्या वर्षी बोलावणं आलं तर जा.

शंका : आम्ही मूळचे गोव्याचे, काही पिढ्यांपासून रत्नागिरीत. मुलीनं आपल्याच चर्चमधला मुलगा पसंत केला आहे. शिकलेला, निर्व्यसनी, नेमानं मिस्साला येणारा. पण तो ‘आपल्यातला’ नाही म्हणून माझ्या वडिलांना पटत नाही. घराण्याचा मान आणि नम्रता यांचा मेळ कसा घालू? (एक पिता)

समाधान : तुमच्या पत्रात जात हा शब्द नाही, पण शंका तिचीच आहे. गोव्यात पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातही सोबत आली आणि बामण, चारडो, सुदिर ही नावं ख्रिस्ती घरांत टिकली. जन्माचा अभिमान हा सर्वांत चिवट. तो आपल्याला अभिमान वाटतच नाही, रीत वाटते.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली दापोली तालुक्यातल्या करजगावात, चित्पावन घरात झाला. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन त्यांनी जात सोडली. पुढं 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मोठेपण सोडणं त्यांच्या बाबतीत एका दिवसात उरकलं नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास तर त्याहून बोलका आहे. त्यांचे वडील इतके सोवळे, की बाहेरून आलेली चीजवस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या आधी दूर राहिल्या, मग परतल्या त्याही आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. शिवाशिवीची ती वर्षं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःलाच हसत सांगितली आहेत. त्या हसण्यात ना स्वतःचा धिक्कार आहे ना वडिलांचा.

म्हणून तुमच्या वडिलांशी बोलताना आवाज चढवू नका, त्यांना वेळ द्या. मुलाला घरी जेवायला बोलवा, आजोबांच्या शेजारी बसवा. पण निर्णय टांगून ठेवू नका. घराण्याचा मान तुमचा, आणि त्याचा भार मात्र मुलीनं वाहायचा, हा न्याय नव्हे. लग्नाआधी चर्चमध्ये घोषणा करून कुणाला अडथळा ठाऊक असल्यास विचारतात. जात हा अडथळा म्हणून चर्च मान्य करत नाही. तुम्हीही करू नका, आणि मुलीला होकार द्या.