त्याला कोणी विचारले का?

पिंपरी-चिंचवड हे मागण्या मांडणाऱ्या माणसांचे शहर आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे एकामागून एक कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग कामगार संघटना, मागणीपत्रे व वेतनकरारही आले. चाकण परिसरातही पुढे तेच घडले. कामगाराला न विचारता त्याच्याविषयी निर्णय घेणे अन्याय्य आहे, हे येथील माणसाला शिकवावे लागत नाही. मग याच घरांत वाढलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलाला वा मुलीला आपण किती गोष्टी विचारतो? मिस्सेनंतर देवळाच्या आवारात तीस वर्षांचा असा तरुण भेटला, तर त्याची खुशालीसुद्धा आपण त्याच्या आईला विचारतो.

विशेष शाळा संपली की अशी मुले दिवसभराच्या कार्यशाळेत जाऊ लागतात. तेथे कागदी पिशव्या होतात, दिवाळीच्या पणत्या रंगतात, सुटे भाग मोजून पाकिटांत भरले जातात. हातांना वळण लागते. मनातले बोलण्याचे वळण मात्र क्वचितच लावले जाते. उलट जो सांगितलेले मुकाट्याने ऐकतो, त्यालाच आपण 'शहाणा' म्हणतो. परंतु ज्याला आयुष्यभर फक्त 'हो' म्हणायला शिकवले, तो वाईट हेतूने जवळ आलेल्या माणसाला 'नाही' कसे म्हणणार?

न विचारण्याची परिसीमा आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील दहाहून अधिक मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांना आपण त्यांचे भलेच करीत आहोत, असे वाटत होते. म्हणूनच ही घटना अधिक अस्वस्थ करते. दुष्टपणा ओळखता येतो. न विचारता केलेले भले ओळखणे कठीण असते.

यावर प्रामाणिक आक्षेप असा, की ज्याला समजतच नाही त्याला विचारून काय उपयोग? येथे आपण क्रम उलटा लावतो. कुवत आली की विचारू, असे आपण म्हणतो. पण कुवत येते ती कोणी विचारल्यामुळेच. २००९ साली चंदीगडच्या शासकीय आश्रयगृहातील एका गर्भवती तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिला सौम्य बौद्धिक अक्षमता होती आणि मूल हवे होते. तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदाही मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतो: पालक आणि ती व्यक्ती यांनी परस्परविश्वासाने, मिळून निर्णय घ्यावा. काळजी घेणे वेगळे आणि जागा बळकावणे वेगळे.

हे शिक्षण लहान गोष्टींपासून सुरू होते. आज कोणते काम करायचे, हे दोन कामांतून निवडू द्यावे. महिन्याचे मानधन त्याच्याच हातात देऊन मोजू द्यावे. कोठे दुखते, कोणाचा स्पर्श नकोसा वाटतो, हे सांगायला शिकवावे. बोलता येत नसेल त्याच्यासाठी चित्रे आहेत, बोट आहे, नजर आहे. मान फिरवणे हेही उत्तरच आहे. आठवड्यातून एकदा कार्यशाळेत सभा भरावी आणि तिचा अध्यक्ष त्यांच्यातलाच असावा. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९७४ साली अशाच मंडळींनी एकत्र येऊन 'आम्ही आधी माणसे आहोत' असे सांगणारी चळवळ उभी केली. ती पुढे अनेक देशांत पसरली.

तो चुकीचे निवडेल, ही भीती खरी आहे. सर्वच निर्णय त्याच्यावर सोपवावेत, असेही कोणी म्हणत नाही. पण 'आमच्यामागे याचे कसे होणार?' हा प्रश्न ज्या आईबापांची झोप उडवतो, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे: बँकेतील ठेव आणि राहते घर मागे ठेवता येते, आपले डोळे मागे ठेवता येत नाहीत. उद्या परक्या हातांत गेल्यावर त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे 'हो' आणि 'नाही' एवढेच उरेल. ते त्याला आजच, आपल्या देखत, वापरू द्यायला हवे.