झाकलेली बाजू

न सांगणे आणि खोटे बोलणे ह्यांत भेद आहे काय, असा प्रश्न मागच्या वारीत एका तरुण वारकऱ्याने आम्हांस विचारला. उत्तर आम्ही दिले, पण ते पोथीतले. त्याचे समाधान झाले नाही. खरे म्हणाल तर आमचेही नाही.

त्याच वारीत वाल्ह्याच्या मुक्कामी एक प्रकार घडला. दिंडीच्या स्वयंपाकाची मोठी सुरी एका माउलीच्या ओल्या हातात फिरली आणि तळव्याला पाच टाके पडले. पाहतो तो मुठीची एक पट्टी सुटलेली. सुरी बाजारातून नवीच आणली होती आणि दिसायला मोठी देखणी होती. वारीहून परतल्यावर आम्ही ती गावच्या सुतारमेटावर नेली. तात्यांनी खिळे काढून मूठ उकलली. लाकूड आणि लोखंड ह्यांच्यामध्ये फट होती. तीत लाख आणि भुसा भरून वरून घासून चकचकीत केलेले. तिथूनच पाणी आत गेले आणि आतले लोखंड गंजून खवले सुटलेले.

तात्या म्हणाले, "बसा महाराज, नवी मूठ करू." आम्हांस चातुर्मासात उद्योग तो काय? बसलो.

माळ्यावर तीन वर्षे वाळलेला शिसवीचा ठोकळा त्यांनी काढला. पाच इंच लांब, दीड इंच रुंद, इंचभर जाड. ओले लाकूड का नको, ते त्यांनी सांगितले. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, आडवे मात्र आकसते. मग पट्टी आत ओढली जाते, लोखंडाची कड बाहेर राहते आणि हाताला बोचते. त्यांनी आधी एक बाजू रंध्याने सरळ करून गुण्या लावला, मग ठोकळ्याच्या चहूबाजूंनी मधोमध रेघ ओढली. करवत एकाच बाजूने चालवली नाही. थोडे इकडून कापले, ठोकळा फिरवला, थोडे तिकडून. एका बाजूने घाई केली की करवत आतल्या आत वाकते आणि बाहेरची रेघ सांगते की सर्व ठीक आहे! दोन पट्ट्या सुटल्या त्या पोथीची दोन पाने उघडावीत तशा, रेषेला रेष सामोरी.

खरे काम पुढेच. काचेवर पॉलिश कागद चिकटवून आतली बाजू त्यावर घासायची. हात किंचित डुलला तरी कडा गोल होतात. मग लोखंडाला काजळ लावून पट्टी त्यावर दाबायची. जिथे काळे उठेल तो उंचवटा, तेवढाच घासायचा. हे त्यांनी किती वेळा केले ते मोजायचे आम्ही सोडून दिले. आणि इतके सपाट झाल्यावर पटाशी घेऊन त्यांनी पट्टीचा मधला भाग थोडा खोलगट केला!

आम्ही म्हणालो, "तात्या, ही पोकळी झाकली जाणार म्हणून का?"

"झाकली जाणार खरी," ते हसले. "पण मधी चिकटाला जागा नको का? जागा नसली तर दाबल्यावर सगळा चिकट बाहेर येतो न् सांधा उपाशी राहतो. कडा मात्र केसभर उघडी राहता कामा नये."

वाचकहो, आमची गाठ इथे सुटू लागली. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार आहे. आपल्या मनातला बोध दुसऱ्याच्या मनात पोचवावा म्हणून वाणी, आणि ती फसवणारी नसावी, असा त्याचा आशय. त्यावर वाचस्पतिमिश्रांनी उदाहरण घेतले आहे ते द्रोणाचार्यांना युधिष्ठिराने दिलेल्या उत्तराचे. शब्द तपासले तर निर्दोष, आणि तरी फसवणूक. पाठशाळेत हे आम्ही घोकले होते. पण एवढ्याने त्या तरुणाचे भागत नाही. कारण दोन्ही मुठींत काही तरी झाकलेलेच होते, आणि दोघाही कारागिरांनी ते गिऱ्हाइकाला सांगितले नसते. तात्यांची पोकळी धरणाऱ्या हातासाठी होती. ती लाख विकत घेणाऱ्या डोळ्यासाठी होती. गिऱ्हाइकाने उद्या मूठ उकलली तर तात्या उलट कौतुकाने दाखवतील. तो दुसरा ती उकलू देणार नाही. तेव्हा मौन तेच असले, तरी एक मौन खोटे आहे, असे आम्हांस वाटते. बोलले किती ह्यावरून ते ठरत नाही.

असो. दुसऱ्याची मूठ उकलणे सोपे. पुष्कळ वर्षांपूर्वी फलटणच्या मुक्कामी कीर्तनात आम्ही एक कथा मध्येच विसरलो. टाळमृदंगाला खूण करून नामगजर धरला असता तर बिघडत नव्हते. तिथे खरेच मोकळी जागा होती. पण आम्ही एक दृष्टांत तिथल्या तिथे रचला आणि पुराणातला म्हणून सांगितला. लोक डोलले. उठल्यावर एका वृद्ध वारकऱ्याने पायांवर डोके ठेवून विचारले, "महाराज, हे कुठल्या पुराणात?" आम्ही म्हणालो, "शोधा म्हणजे सापडेल." त्या बिचाऱ्याला अक्षरओळख नाही, हे आम्हांस ठाऊक होते.

तो अजून दर वर्षी भेटतो आणि तोच दृष्टांत मोठ्या भक्तीने आम्हांलाच ऐकवतो. नातवंडांनाही त्याने शिकवला आहे म्हणे. येत्या आषाढीला त्याला बाजूला घेऊन खरे सांगायचे, असे ठरवले आहे. तात्या पटाशीने ती लाख उकरत होते तेव्हा खाली निघालेले लोखंड डोळ्यांपुढून जात नाही.