तण उपटण्यात हिंसा किती?

सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन घरे पुष्कळ. जैन विचारात वनस्पतीही जीव, फक्त स्पर्शाचे एकच इंद्रिय असलेला. मुनी हिरव्या गवतावर पाऊल टाकायचे टाळतात. गृहस्थाला शेतीतली हिंसा पूर्ण टळत नाही, हे परंपरेने ओळखले आहे. ती कमीत कमी व्हावी एवढीच अपेक्षा. मग बांधावर गाजरगवत उगवले तर त्याने काय करावे?

‘परदेशी आहे, उपटा’ हे उत्तर पुरत नाही. अमेरिका खंडातल्या या तणाकडे १९५०च्या दशकात पुण्यात लक्ष गेले. आयात गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. पण दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मेक्सिकोकडचाच, आणि दोघांचे कुळही एकच, सूर्यफुलाचे. फरक एवढाच की झेंडू वाफ्यात राहतो. गाजरगवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते, माळावरचा चारा हटवते, हात लावणाऱ्याच्या अंगाला खाज आणते.

तरीही झाडाला हेतू नसतो. दोष येतो तो माणसाकडे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, आहे. ही कसोटी बांधावर लावून पाहावी. पहिल्या पावसानंतर रोप जमिनीला चिकटून असते, पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. ओल्या मातीतून ते मुळासकट निघते. पांढरी बारीक फुले येईपर्यंत कानाडोळा केला, तर पुढे तणनाशकाचा पंप पाठीवर घ्यावा लागतो, आणि त्या फवाऱ्याखाली फक्त तणच सापडते असे नाही. हे तण खाणारे मेक्सिकन भुंगे १९८०च्या दशकात भारतात सोडले गेले. पण जैन शास्त्र करणे, करवणे आणि अनुमोदन देणे, तिन्हींचा हिशेब मांडते. भुंग्यावर काम सोपवून सुटका होत नाही.

उतावीळपणा हाही प्रमादच. तशाच कातरलेल्या पानांची एखादी देशी वनस्पती हकनाक उपटली जाऊ शकते. म्हणून अनोळखी रोप दिसले की आधी पान, फूल आणि जागेचा फोटो काढून सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवावा. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या नेमल्या, लोकजैवविविधता नोंदवहीही आणली. तिच्यात तणांसाठीही रकाने आहेत. ते वेळेवर भरले गेले, तर पलीकडच्या शिवारातला शेतकरीही फूल येण्याआधी आपला बांध तपासू शकतो.