भुवईचं काय काम?

(सिडकोतलं घर, छत्रपती संभाजीनगर. भाची मुलांच्या पुस्तकाची चित्रं काढते, मावशी त्वचारोगतज्ज्ञ. समोर नायिकेचं चित्र : एका गालावर मोठा पांढरा डाग.)

मावशी : हे कोड आहे की नकाशा?

भाची : उठून दिसावं म्हणून एकाच गालावर घेतलंय गं.

मावशी : असतं कधी एकाच बाजूला. पण बहुतेकांचं दोन्हीकडे येतं. ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, बोटांची टोकं, कोपरं. आणि डाग भुवईवर चढला की बऱ्याचदा तिथले केसही पांढरे होतात. हिची भुवई बघ, काळीकुळकुळीत!

भाची : संपादक तर म्हणतात, डाग हवाच कशाला? ही पोरगी औरंगाबाद लेण्यांपाशी हरवलेली शेळी शोधते. गोष्टीत डागाचं काम काय?

मावशी : भुवईचं काय काम असतं?

भाची : पण 'नितळ' सिनेमात सगळी गोष्टच कोडाची होती.

मावशी : २००६ साली ते हवंच होतं. भावे-सुकथनकरांनी कोड असलेली डॉक्टर नायिका केली, देविका दफ्तरदारनं ती उभी केली. लग्नाच्या बोलण्यात घरोघरी जे कुजबुजत चालतं, ते पडद्यावर आलं. म्हणून दर वेळी तेच सांगत बसायचं का?

भाची : बरं, दुसरी अडचण. डाग पानोपानी तोच लागतो, नाहीतर मुलगी ओळखू येत नाही.

मावशी : खरा डाग वाढतो. उपचार लागू पडले तर केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उगवतात, ते एकमेकांना मिळतात.

भाची : मग शेवटी भरून आलेला दाखवू?

मावशी : अजिबात नको! बोटांच्या टोकांवरचे डाग हटता हटत नाहीत. ज्या पोरीचा भरला नाही, तिनं काय समजायचं? गोष्ट एका दिवसाची ठेव, डाग तोच राहील.

भाची : आणि शेळीचोराच्या गालावरचा व्रण?

मावशी : तो पूस. अमेरिकेत २०१७ साली सिनेमातले १० गाजलेले खलनायक तपासले, तर ६ जणांच्या त्वचेवर काही ना काही निघालं.

भाची : म्हणजे वाईट माणूस कायम नितळ? हेही खोटंच की.

मावशी : खोटंच. पुस्तकात त्वचेवर डाग-व्रण असलेली पाच-सहा माणसं असतील तर एक चोर खुशाल असू दे. एकच असेल, तर तो चोर नको.

भाची : आणि कोडाबद्दल गोष्टीत काहीच नको?

मावशी : गोष्टीत नको. मलपृष्ठावर एक ओळ छाप : कोड शिवल्यानं होत नाही. ती पुस्तक विकत घेणाऱ्या मोठ्यांसाठी.