नववा प्रश्न

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मेघना आणि ऋतुजा मानसशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाला शिकत होत्या. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दोघींनी विषय जवळजवळ एकच निवडला होता: स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींमधलं नैराश्य. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. सदाशिव पेठेतून किंवा नवी पेठेतून चालत निघालं की पावलोपावली अभ्यासिकेची पाटी दिसते. बीड, लातूर, यवतमाळ, धुळे इथून आलेली मुलं सकाळी जागा धरतात ती रात्री उशिराच उठतात. जाहिरात वेळेवर निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे जाते, परीक्षा झाली तर निकाल अडकतो. गावाकडून फोन आला की ‘यंदा होईल’ एवढंच सांगायचं. या मुलांचं मन कसं आहे हे कुणीतरी विचारायला हवं, असं दोघींना मनापासून वाटत होतं.

साधनही दोघींचं एकच. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. वापरायला मोफत, भरायला पाच मिनिटं पुरतात, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांचा त्रास किती दिवस झाला ते विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. जास्तीत जास्त २७. पदवीच्या मुलांना ती सोयीची वाटते ती याचमुळे. पण तिचा नववा प्रश्न बाकीच्या आठांच्या पंक्तीतला नाही. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात येतात का, हे तो विचारतो.

ऋतुजाने गूगल फॉर्म तयार केला. वर एक ओळ घातली, ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल’, आणि अभ्यासिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम ग्रुपवर लिंक सोडून दिली. तिच्या गाईडचं म्हणणं होतं, नाव विचारत नाही, मग परवानगी कसली? आठवड्याभरात शंभरावर उत्तरं जमली. महाविद्यालयात एथिक्स कमिटी त्याच वर्षी स्थापन झाली होती आणि पदवीच्या प्रोजेक्टने तिच्यापुढे जायचं की नाही हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. धोका अगदी नगण्य असेल तर पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, पण सूट द्यायची की नाही हे समितीने ठरवायचं असतं. संशोधकाने स्वतःच स्वतःला सूट देऊन टाकायची नसते.

मेघनाच्या मॅडमनी तिला समितीपुढे अर्ज करायला लावला. अर्ज, प्रश्नावली, संमतीपत्र असे सगळे कागद तिने दिले आणि तीन आठवडे वाट पाहिली. मग बैठकीचं बोलावणं आलं.

समितीचे अध्यक्ष बाहेरचे होते, निवृत्त डॉक्टर. आयसीएमआरचा आग्रहच आहे की अध्यक्ष संस्थेचा नोकर नसावा. एक वकील होत्या, दोन प्राध्यापक होते, आणि सामान्य नागरिक म्हणून पेठेत मेस चालवणाऱ्या एक काकू होत्या. हे सामान्य नागरिकाचं आसन मला फार मोलाचं वाटतं. संशोधनाच्या परिभाषेत जे दडून राहतं ते तिथून लख्ख दिसतं.

प्राध्यापकांनी नमुना किती, विश्लेषण कोणतं ते विचारलं. वकील बाईंनी संमतीपत्रातली दोन वाक्यं सोपी करायला सांगितली. मग काकूंनी चष्मा लावून प्रश्नावली पहिल्यापासून वाचली आणि नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“अगं, समज एखाद्या पोराने लिहिलं की मला रोज असं वाटतं. तू ते वाचणार कधी?”

“डेटा एन्ट्री करताना, काकू. फेब्रुवारीत.”

“आणि भरून कधी घेणार?”

“डिसेंबरात.”

“बरं. वाचल्यावर काय करणार?”

मेघना म्हणाली, “काही करता येणार नाही. नावच घेत नाही ना आम्ही. गोपनीयतेसाठी.”

काकू क्षणभर थांबल्या. “म्हणजे त्याने तुला सांगितलं, आणि तुझ्यापर्यंत पोचलंच नाही.”

यावर बराच वेळ चर्चा झाली. वकील बाई म्हणाल्या, नववा प्रश्न गाळूनच टाका. अध्यक्षांनी दुजोरा दिला: तो प्रश्न वगळून केलेली पीएचक्यू-८ अस्तित्वात आहे, मोठ्या सर्वेक्षणांत ती वापरतातही. मेघनाला ते पटलं, कारण काम लवकर सुटणार होतं. पण काकूंना ते रुचलं नाही. विचारलं नाही म्हणून त्याच्या मनातलं जाणार आहे का, असं त्या म्हणाल्या. शेवटी समितीने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. प्रश्न गाळा, किंवा ठेवायचा असेल तर उत्तर आल्याबरोबर काय करणार ते लिहून आणा.

मेघना चिडून मॅडमकडे गेली. “मॅडम, मी काय औषधाची चाचणी घेतेय का? पदवीचं एवढंसं प्रोजेक्ट, त्याला एवढं कशाला?”

मॅडमनी तिला विजेच्या खोट्या धक्क्यांचा मिलग्रॅमचा प्रयोग सांगितला नाही, तो तिला पाठच होता. त्यांनी १९३९ सालची अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली हकिगत सांगितली.

वेंडेल जॉन्सन हे तोतरेपणाचे मोठे अभ्यासक. स्वतः तोतरे बोलत. मूल तोतरं होतं त्याचं कारण आसपासची माणसं त्याला तसं ठरवतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो पडताळायला त्यांनी मेरी ट्यूडर या पदव्युत्तर विद्यार्थिनीला डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात पाठवलं. मुलं २२. त्यांत सहा मुलं नीट, अस्खलित बोलणारी होती. मेरीने त्यांना महिनोन्महिने सांगितलं की तुमच्या बोलण्यात दोष आहे, अडखळणार असाल तर बोलूच नका. मुलं बोलायला कचरू लागली. काही जणांनी वर्गात तोंड उघडणं सोडलं. प्रयोग संपला, प्रबंध लिहून झाला आणि ग्रंथालयात जाऊन पडला. मुलांना कुणी काही सांगितलं नाही. मेरी पुढे पुन्हा आश्रमात गेली आणि केलेलं निस्तरायचा तिने प्रयत्न केला, पण ते तिच्या हाताबाहेर गेलं होतं. २००१ साली एका वर्तमानपत्राने हे बाहेर काढलं तेव्हा ती मुलं म्हातारी झाली होती. विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली.

“मेरी वाईट मुलगी नव्हती,” मॅडम म्हणाल्या. “ती तुझ्यासारखीच गाईडच्या शब्दावर विश्वास ठेवून गेली. ‘त्या मुलांचं पुढे काय?’ हे तिला जाण्याआधी विचारणारं कुणी नव्हतं. तुला आज विचारलं गेलं.”

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. समितीचा शिक्का म्हणजे हमी असं मुळीच नाही. १९७१ चा स्टॅनफर्ड विद्यापीठातला, विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवणारा तुरुंगाचा प्रयोग तिथल्या समितीने रीतसर मंजूर केला होता. दोन आठवड्यांचा तो प्रयोग सहा दिवसांत थांबला, आणि त्याला मोठं कारण ठरली क्रिस्टिना मॅस्लॅक ही तरुण संशोधिका. मुलांना काय करताय हे, असं तिने प्रयोगाचे प्रमुख झिंबार्डो यांना तोंडावर विचारलं. म्हणून कागद किती दिले यापेक्षा बैठकीत कुणी काय विचारलं, हे मी महत्त्वाचं मानतो.

त्या संध्याकाळी मेघना काकूंच्याच मेसवर जेवायला गेली. दाराशी टेबल होतं, त्यावर महिन्याच्या कार्डांचा गठ्ठा. पोरगा आला की काकू त्याचं कार्ड काढून त्या दिवसाच्या चौकटीवर खूण करत. एक कार्ड त्यांनी बाजूला ठेवलं होतं, त्यावर दोन दिवसांच्या चौकटी कोऱ्या होत्या. काकूंनी कार्ड उलटं केलं. मागे पेनाने घरचा नंबर लिहिलेला होता. त्यांनी आधी मुलाला फोन लावला. ताप होता. त्यांनी डबा पाठवला आणि कार्ड गठ्ठ्यात परत ठेवलं.

मेघनाने नववा प्रश्न ठेवायचं ठरवलं.

दुसरा अर्ज वेगळा होता. आधीच्या बेतातली ऑनलाइन लिंक रद्द. अभ्यासिकेतल्या एका खोलीत कागदावर फॉर्म भरून घ्यायचे. अभ्यासिकेच्या मालकाची परवानगी जागेपुरती. मुलांची संमती मुलांनी द्यायची, आणि त्या वेळी मालकाने खोलीत थांबायचं नाही. परीक्षा तोंडावर असेल त्या दिवसांत जायचं नाही. फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक. क्रमांक कुणाचा ही यादी समुपदेशक ताईंकडे पाकिटात बंद. ताई शेजारच्या खोलीत बसणार, मूल बाहेर पडण्याआधी नवव्या प्रश्नाचं उत्तर पाहिलं जाणार, आणि ते शून्याहून जास्त असेल तर ताई त्याच दिवशी त्या मुलाशी बोलणार. हे सगळं संमतीपत्रात आधीच साध्या मराठीत लिहिलं: तुमचं उत्तर गुप्त राहील, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आम्ही गप्प बसणार नाही. उत्तर काहीही असो, निघताना प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर ताईंची वेळ आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

समितीने मंजुरी दिली. नमुना मात्र घटला. संमतीपत्र वाचून काही मुलं उठून गेली. मेघनाला वाईट वाटलं, पण जाणाऱ्याला थांबवायचं नाही हेही तिने लिहून दिलं होतं. चाळीसच्या आसपास फॉर्म जमले. तिघांनी नवव्या प्रश्नावर खूण केली होती. त्यातला एक मुलगा ताईंशी तासभर बोलला, त्याच्या सांगण्यावरून ताईंनी त्याच्या मोठ्या भावाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्यात आला. जाताना तो मुलगा मेघनाला म्हणाला, “ताई, लगेच वाचणार आहात असं लिहिलं होतं, म्हणून खरं लिहिलं.”

ऋतुजा फेब्रुवारीत विश्लेषणाला बसली. नवव्या प्रश्नाच्या रकान्यात एका ठिकाणी ३ होता, म्हणजे जवळजवळ रोज. फॉर्म मध्यरात्र उलटून गेल्यावर भरलेला, आणि त्याला दोन महिने झाले होते. तिने वय पाहिलं, जिल्हा पाहिला. त्यावरून माणूस सापडणार नव्हता. रडतच ती मेघनाकडे आली, आणि दोघी मिळून समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या.

अध्यक्ष तिला रागावले नाहीत. त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर ताईंची वेळ आणि हेल्पलाइनचा नंबर पाठवायला त्यांनी सांगितलं. तो निरोप त्या माणसाने वाचला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. ऋतुजाने विचारलं, सर, आता तरी परवानगी मिळेल का? ते म्हणाले, काम झाल्यावर परवानगी देता येत नाही, नाहीतर परवानगीला अर्थच उरत नाही. तिने ती माहिती प्रोजेक्टमध्ये वापरली नाही. उरलेल्या वेळात पुस्तकांवर आधारलेला विषय घेऊन तिने प्रोजेक्ट पूर्ण केलं. गुण थोडे कमी पडले.

मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल तर जूनमध्ये विषय वाटण्याआधी प्राचार्यांना पत्र लिहा. स्वतःची समिती नेमणं जमत नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव पाठवता येतात, आयसीएमआरने तशी मुभा दिली आहे. आणि त्या समितीत मेसवाल्या काकूंसारखं, मुलांना नावानिशी ओळखणारं एक माणूस नक्की घ्या.