शब्दाविना हाक

आवाजावरून माणूस ओळखता येतो, असे आपण सहज म्हणतो. अंगणातून आलेल्या हाकेवरून आई आपले मूल ओळखते. खोकल्यावरून घरच्यांना आजोबा आल्याचे कळते. परंतु आवाजावरून माणसाविषयी नेमके किती कळते? आणि जे कळते त्याच्या आधारे त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो काय? हा प्रश्न वरकरणी तत्त्वज्ञांचा वाटतो. काही घरांत मात्र तो मूल जन्मल्याच्या पहिल्याच दिवशी दाराशी येऊन उभा राहतो.

१९६३ साली पॅरिस येथील डॉ. जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन बालकांचे वर्णन शास्त्रीय जगापुढे मांडले. या बालकांचे रडणे बारीक, उंच पट्टीचे, मांजराच्या पिलाची आठवण करून देणारे होते. तिघांच्याही पेशींत पाचव्या क्रमांकाच्या एका गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळालेला होता. फ्रेंच भाषेत या अवस्थेस ‘क्री द्यू शा’, म्हणजे मांजराचे रडणे, असे नाव मिळाले. साधारणतः १५,००० ते ५०,००० जन्मांमागे असे एक मूल जन्मते. बहुतेक वेळा हा तुकडा त्या बालकातच प्रथम गळालेला असतो. थोड्या घरांत तेवढे आई वा वडील यांच्या गुणसूत्रांतील अदलाबदल त्यास कारण होते. ग्रहण, नजर, पूर्वजांचे पाप यांचा येथे काडीचाही संबंध नाही. आमच्याकडे आजही सुनेलाच बोल लावला जातो, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आवाज म्हणजे हवेतील कंपने. बोलताना प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला साधारण १०० ते १५० असतात. निरोगी नवजात बालकाच्या रडण्यात ती सुमारे ४०० ते ६०० भरतात. ‘क्री द्यू शा’ असलेल्या बालकात ती बहुधा ६०० ते १,००० च्या घरात जातात. स्वरयंत्राची रचना आणि मज्जासंस्था या दोहोंचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आवाजाचे चित्र कागदावर उमटविणारे यंत्र तयार झाले. १९६० च्या दशकात फिनलंड व स्वीडनमधील संशोधकांनी त्याच तंत्राने तान्ह्या मुलांच्या रडण्याचे आलेख काढले. आज ॲमस्टरडॅम विद्यापीठात घडलेली ‘प्राट’ ही संगणकप्रणाली कोणासही विनामूल्य वापरता येते. स्वराची उंची किती, एक कंपन पुढच्याहून कालाने आणि जोराने किती वेगळे, सुरात खरखर किती, हे सारे ती आकड्यांत सांगते.

मुलाचे रडणे असे मोजणे हा त्याचा अपमान आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आकडा हाती येण्यापूर्वी कोणास तरी स्तब्ध राहून त्या रडण्याकडे कान द्यावा लागतो. रडण्यावरून शंका येते. गुणसूत्रांच्या तपासणीने निदान पक्के होते. निदान लवकर झाले तर दूध ओढण्यात व गिळण्यात येणारी अडचण ध्यानात येते आणि वाचाशिक्षणास लवकर आरंभ करता येतो. असे मोजमाप ही सेवाच होय. मात्र ध्वनिमुद्रित केलेला आवाज त्या मुलाचा असतो. त्यास संमती देता येत नाही. म्हणून त्या आवाजाचा उपयोग त्याच्या वा त्याच्यासारख्यांच्या हितासाठीच व्हावा, हे पाहणे आईबापांचे व संशोधकांचे कर्तव्य ठरते.

खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. आकड्यातून लक्षण कळते, लक्षणातून नाव मिळते आणि त्या नावातून आपण निकाल देऊन मोकळे होतो. त्यातून नावात मांजर! हे नाव निदानाच्या सोयीसाठी आले, हे खरे. तरीही अनेक आईबाप आज गुणसूत्राच्या खुणेवरून आलेले ‘फाइव्ह पी मायनस’ हेच नाव पसंत करतात. त्यांची व्यथा आपण समजून घेतली पाहिजे.

ॲरिस्टॉटलने ध्वनी आणि वाणी यांत भेद केला. सुखदुःख प्रकट करणारा ध्वनी पशूंनाही असतो. न्याय-अन्याय सांगणारी वाणी केवळ मानवाला लाभली, असे त्याचे म्हणणे. मग ज्या मुलास वाणी फुटत नाही ते कोणत्या बाजूस पडते? संत थॉमस अक्विनास यांनी स्नानसंस्काराचा विचार करताना याचे उत्तर दिले आहे. ज्याची बुद्धी प्रकट होत नाही त्याच्या ठायी शरीराच्या इंद्रियाचा अडसर असतो. बुद्धियुक्त आत्मा त्याला नाही असे होत नाही, म्हणून त्याची गणना पशूंत करता येत नाही. त्यात आम्ही एवढीच भर घालू: रडणाऱ्या बालकास न्यायाचा शब्द उच्चारता येत नाही, परंतु त्याचे रडणे ज्याच्या कानी पडते त्याच्यापुढे न्यायाचा प्रश्न उभा राहतोच. त्याचे उत्तर ऐकणाऱ्याने द्यावयाचे आहे.

विज्ञानानेही घाईच्या निकालास आधार दिलेला नाही. आखूड भुजेचा जो भाग गळाल्याने असे रडणे उद्भवते तो वेगळा, आणि ज्याच्या अभावी बुद्धीची वाढ विशेष खुंटते तो वेगळा, असे पुढील संशोधनात दिसून आले. रडणे तसेच असूनही बौद्धिक अडचण सौम्य असलेली मुले आढळली. पुष्कळ मुलांत तो विशिष्ट आवाज वयाबरोबर ओसरतो. या मुलांना जेवढे बोलता येते त्याहून अधिक समजते, हेही अभ्यासांत दिसले आहे. आपण त्यांच्यादेखत काय बोलतो याचा विचार करावा, हे त्यावरून उघड होते.

पूर्वीचे अंदाज बव्हंशी संस्थांत ठेवलेल्या मुलांवरून बांधलेले होते. १९८० साली अमेरिकेत घरी वाढलेल्या ६५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांची प्रगती त्या अंदाजांहून पुष्कळ बरी असल्याचे आढळले. गुणसूत्राचा तुकडा येथेही गळालेलाच होता. अंतर होते ते घराचे आणि शिक्षणाचे. ज्या मुलाशी कोणी बोलतच नाही, त्यास बोलता येत नाही असा निकाल देणे हा केवढा अन्याय!

डॉ. लेज्यून स्वतः श्रद्धावंत कॅथोलिक होते. १९५९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी डाऊन सिंड्रोममागील जादा गुणसूत्राविषयी लिहिले होते. या मुलांवर उपचार सापडावा ही त्यांची आस होती. त्याच ज्ञानाच्या बळावर अशी मुले जन्मूच नयेत असे प्रयत्न होऊ लागले, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. १९९४ च्या पुनरुत्थानाच्या सणादिवशी त्यांचे निधन झाले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे वीरोचित सद्गुण मान्य केले. ज्ञान तेच, ते कोणाच्या बाजूने उभे करावयाचे, हे माणूस ठरवितो.

वाचकहो, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. मिस्सेच्या वेळी एखादे मूल वेगळ्याच आवाजात ओरडते, माना मागे वळतात, आणि त्याची आई खाली मान घालून बाहेर जाते. पुढल्या रविवारी ती येतच नाही. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडू लागला, तेव्हा लोकांनी त्यास गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. प्रभू मात्र थांबला, त्यास जवळ बोलाविले आणि त्याला काय हवे ते विचारले. आमच्या धर्मग्रामांतील बाकांवर त्या आईसाठी जागा सरकवून देणे, मुलाचे नाव विचारणे आणि त्याच्या उत्तरासाठी, ते शब्दांत येवो वा न येवो, थोडे थांबणे एवढे तरी आपणांस करता येईल.